कॅमेरा कपाटात ठेवताना: दमट हवा, सुकलेलं वंगण आणि वितळलेला फोम

चांगला यांत्रिक फिल्म कॅमेरा वापराने सहसा बिघडत नाही. तो बिघडतो कपाटात. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ महिन्याला दोन रोल काढत वर्षानुवर्षं चालतो. तोच कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून पाच पावसाळे माळ्यावर ठेवला, की लेन्समध्ये बुरशी, मागच्या दाराला डांबरासारखा चिकटा, बॅटरीच्या खणात हिरवट पपडी आणि एका सेकंदावर अडकून बसलेलं शटर, असं सगळं एकदम हाती येतं. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची आणि महिन्यातून दहा मिनिटं कॅमेरा हातात घेऊन चालवायचा. पुढचं सगळं या दोन गोष्टी नीट कशा करायच्या त्याबद्दल आहे.

सगळ्यात आधी ती चामड्याची केस बाजूला काढा. कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केस असते, तिच्यात जीव अडकलेला असतो, हे खरं. पण साठवणीसाठी तिच्याइतकी वाईट जागा नाही. चामडं ओल शोषून धरून ठेवतं, बुरशीला ते खाद्य म्हणून आवडतं, आणि ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळी भागांवर हिरवा थर चढतो. केस वेगळी ठेवा, कॅमेरा वेगळा. कॅमेऱ्याला गुंडाळायचंच असेल तर दोनदा धुऊन खळ पूर्ण काढलेलं मलमलचं कापड घ्या. खळ म्हणजे पिष्ट, आणि पिष्टावर बुरशी येते. पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं त्याहून वाईट, कारण बांधताना आत असलेली ओल तिथेच कोंडली जाते.

ठेवण्यापूर्वी करायची कामं

अर्धा रोल आत ठेवून कॅमेरा बंद करू नका. एक्सपोज झालेल्या फिल्मवरची प्रतिमा उष्ण-दमट हवेत फिकी होत जाते. शिवाय फिल्मवरचं जिलेटिन ओल धरतं आणि बुरशीला चांगलं मानवतं. रोल संपवा, नाहीतर गुंडाळून बाहेर काढा.

मग बॅटरी. शटर पूर्ण यांत्रिक असेल तर बॅटरी फक्त लाइट मीटरपुरती असते. ती काढली तरी शटर सगळ्या वेगांना चालतं, त्यामुळे ती आत ठेवण्याचं काही कारणच उरत नाही. के१०००ला मीटरचं बटणच नाही. लेन्सवर टोपी असेपर्यंत मीटर जेमतेम वीज ओढतो, टोपी नसली की बॅटरी संपत राहते. एफएम२मध्ये फिल्म पुढे ओढायचा खटका बाहेर राहिला की मीटर सुरू होऊ शकतो, म्हणून तो बॉडीला चिकटेपर्यंत आत ढकलायचा. ऑलिंपस ओएम-१ला वर स्वतंत्र बटण आहे आणि ते बंद करायला हमखास विसरतात.

अल्कलाइन सेल, म्हणजे एलआर४४, गळतात तेव्हा त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. ते अल्कली असल्यामुळे ते सौम्य आम्लाने निघतं. इअरबडच्या टोकाला पांढरं व्हिनेगर जेमतेम लावा, खण खालच्या बाजूला येईल असा कॅमेरा धरा म्हणजे थेंब आत शिरणार नाही, आणि पपडी विरघळेपर्यंत पुसा. नंतर डिस्टिल्ड वॉटरचा बड, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. संपर्काची पट्टी पेन्सिलच्या खोडरबराने घासून चमकवा. एवढं करूनही मीटर हलला नाही तर खणातून आत जाणारी तार बघायला लागते. गळती तारेच्या आवरणाखालून वर चढते आणि तांबं आतून हिरवं पडतं. ती तार बदलावीच लागते, पुसून काही होत नाही.

पीएक्स६२५ ही १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, पण मिनोल्टा एसआरटी १०१, कॅनन एफटीबी, याशिका मॅट १२४जी हे सगळे तिच्यावर बेतलेले आहेत. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्ट देते आणि रबरी कडीत बसवली की काम भागतं. तिचा कागद एकदा काढला की ती वापरा किंवा नका वापरू, काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत सुकते. तिच्यावरची बारीक छिद्रं बुजवायची नाहीत, हवा आत गेल्याशिवाय ती चालत नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरचं सर्किट मात्र व्होल्टेजच्या फरकाला फारसं जुमानत नाही, तिथे १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेलही चालतो.

शटर कॉक करून, म्हणजे खटका ओढून स्प्रिंग भरून, ठेवू नये. खरं सांगायचं तर पडद्याच्या स्प्रिंगवर शटर सोडलेलं असतानाही थोडा ताण असतोच, त्यामुळे एखादी रात्र कॉक राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण महिनोन्महिने ठेवायचं असेल तर सोडूनच ठेवा. यातला ठळक अपवाद हॅसलब्लाड ५०० मालिकेचा. तिथे बॉडीपासून सुटी केलेली लेन्स कॉक असलीच पाहिजे, नाहीतर परत बसवताना अडकते. सेल्फ-टायमरची चावी भरून ठेवायची नाही. लेन्समध्ये बसवलेल्या जुन्या कॉम्पूर किंवा प्रोंटोर शटरवर सेल्फ-टायमरची ‘व्ही’ खूण असलेला खटका असेल तर तो हलवून बघण्याचा मोहही टाळा. त्याची गिअरमाळ सुकलेली असली तर ती मध्येच थांबते आणि अख्खं शटर अडकवून ठेवते.

लेन्सचा फोकस अनंतावर फिरवा म्हणजे हेलिकॉइडचे, म्हणजे फोकस करताना लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या नळीचे, आटे आत झाकले जातात. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवा. पुढचा फिल्टर काढून वेगळा ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे एकमेकांत धरून बसतात. लेन्सला दोन्ही बाजूंनी टोप्या लावा आणि लेन्स वेगळी ठेवायची असेल तर बॉडीलाही. बोटांचे ठसे दिसत नसले तरी असतात, आणि घामातलं मीठ क्रोमवर आणि काचेवरच्या तेलकट थरात मुरतं. बॉडीला अल्कोहोलचा किंचित ओला मायक्रोफायबर, काचेला आधी रबरी ब्लोअर आणि मगच लेन्सचं कापड. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब आरशावर आणि शटरवर बसतात. आरशाला परावर्तक थर पुढच्या बाजूने असतो. त्यावर धूळ दिसली तर ब्लोअरने उडाली तेवढी उडाली, उरली ती राहू द्या, ती फोटोत येत नाही. शटरच्या पात्यांना बोट लावायचंच नाही.

आर्द्रता: आकडे आणि डबा

लेन्सवरची बुरशी साधारण ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता काही दिवस सलग राहिली, हवा खेळती नसली आणि अंधार असला की वाढायला लागते. १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान तिला चालतं. मुंबई, रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या जुलैमधलं बंद कपाट डोळ्यांसमोर आणा. ही सगळी सोय तिथे आयती आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे ‘आमच्या घरात बुरशी नाही’ याला अर्थ नाही. ती काचेवरच्या धुळीवर, तेलावर जगते आणि वाढताना जे आम्ल सोडते ते आधी कोटिंग आणि मग काच खातं.

खालची मर्यादाही लक्षात ठेवा. ३० टक्क्यांच्या खाली दीर्घकाळ ठेवलं तर बेलोजचं (घडीच्या भात्याचं) चामडं कडक होतं, लाकडी कॅमेऱ्याच्या सांध्यांना भेगा पडतात, बॉडीवरचं लेदरेट (नकली चामडं) सुटायला लागतं. म्हणून ४० ते ५० टक्के.

सर्वात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे झाकणाला रबरी कड असलेला १० ते १५ लिटरचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, २०० ग्रॅम सिलिका जेल आणि आत ठेवायचा छोटा हायग्रोमीटर. इथे एक हिशेब बघण्यासारखा आहे. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना १० लिटर हवेत पाण्याची वाफ असते जेमतेम पाव ग्रॅम. मग २०० ग्रॅम जेल कशाला? कारण खरं पाणी हवेत नसतं. ते कॅमेऱ्याच्या पट्ट्यात, कापडात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, चामड्यात मुरलेलं असतं. थोडं झाकणाच्या कडेतून रोज आत येतं, आणि झाकण उघडलं की सगळी हवा नव्याने भरते. म्हणूनच पट्टा, केस, माहितीपुस्तिका, खोकं यातलं काहीही कॅमेऱ्याच्या डब्यात ठेवू नका. डबा रिकामा जितका, तितकं जेल जास्त टिकतं.

ताजं भाजलेलं जेल आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली ओढू शकतं. हायग्रोमीटर ३५च्या खाली दाखवत असेल तर अर्धं जेल काढून घ्या. ५५च्या वर गेला की भाजायची वेळ झाली. ओल धरली की जेलचा रंग बदलतो, पण रंगापेक्षा वजन जास्त खरं बोलतं: स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरडं २०० ग्रॅम भरलेलं जेल २४० ग्रॅमच्या आसपास गेलं की काढायचं. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास पुरतात. नारंगी जेल याहून जास्त तापवलं तर त्यातला रंग जळतो आणि मग ते कधीच काही सांगत नाही. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात भाजायचं नाही आणि त्याची धूळ नाकातोंडात जाऊ द्यायची नाही. शक्य असेल तर नारंगीच घ्या. भाजून झालं की गरम जेल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात निववायचं. उघड्यावर निववलं तर निवता निवताच पाणी पितं, आणि गरम असताना कॅमेऱ्याशेजारी ठेवलं तर कॅमेराच तापतो. जेलचे खडे कापडी पिशवीत असले तरी त्यांची बारीक भुकटी गळते, म्हणून पिशवी दुहेरी शिवा आणि कॅमेऱ्याला टेकवू नका.

स्वस्त हायग्रोमीटर पाच-सात टक्के सहज चुकतात. तपासायचा सोपा मार्ग: बाटलीच्या टोपणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, आणि ते टोपण व हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ७० दाखवत असेल तर तुमचं यंत्र पाच कमी दाखवतं, तसं त्याच्यावर लिहून ठेवा.

तांदूळ ठेवू नका. तो फारसं पाणी ओढत नाही आणि पिठूळ धूळ सोडतो. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कपाटातल्या साड्यांसाठी ठीक, कॅमेऱ्यापासून लांब ठेवा. त्यांची वाफ काचेवर थर धरते आणि काही प्लास्टिक मऊ करते. कपाटात टांगायच्या ज्या पिशव्यांमध्ये खाली पाणी साठतं, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. ती पिशवी फुटून ते खारं पाणी कॅमेऱ्यावर सांडलं तर गंजायला वेळ लागत नाही.

कपाटात कमी वॉटचा बल्ब लावून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिच्यात तथ्य आहे, पण मर्यादाही आहे. २८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३३ अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता ६८-६९ टक्क्यांवर येते. पाणी मात्र हवेत आहे तेवढंच राहतं. वीज गेली की दोन तासांत मूळ पदावर. शिवाय बल्बच्या जवळच्या कॅमेऱ्यातलं वंगण सतत पातळ राहतं. इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर ते सगळ्यात निवांत. ३० लिटरच्या कॅबिनेटमध्ये लेन्ससह चार-पाच कॅमेरे मावतात, काटा ४५वर ठेवायचा आणि सोडून द्यायचं. दार चांगलं बसत असेल तर काही तास वीज नसली तरी चालतं. तरीही आत एक वेगळा हायग्रोमीटर ठेवा, कॅबिनेटच्या स्वतःच्या आकड्यावर विसंबू नका.

डबा कधी बंद करायचा याचंही गणित आहे. पुण्यात, नाशकात मार्च-एप्रिलमधल्या भर दुपारी हवा सगळ्यात कोरडी असते. मृगाचा पाऊस यायच्या आधी अशा एका दुपारी कॅमेरा तास-दोन तास सावलीत उघडा ठेवून मग डबाबंद करा, म्हणजे जेलवर सुरुवातीलाच भार पडत नाही. कोकणात उन्हाळाही घामट असतो. तिथे पहिल्या आठवड्यात जेल एकदा बदलायचं हे धरूनच चाला.

विदर्भाचा प्रश्न वेगळा. नागपूर-चंद्रपूरला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि गच्चीखालच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत त्याहून वर. एवढ्या उष्णतेत हेलिकॉइडमधलं ग्रीस सुटं होऊन त्यातलं तेल ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं. मागे उरतो तो जाड, साबणासारखा भाग, आणि तोच फोकस घट्ट करतो. दोन काचा जोडणारं सिमेंटही उष्णतेने सुटू शकतं. तिथे उन्हाळ्यात डब्यात जेल ठेवायची गरजच नाही. डबा घरातल्या सगळ्यात थंड भिंतीशी, जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवणं महत्त्वाचं. गाडीच्या डिकीत तर कुठल्याच गावात नको.

महिन्यातली दहा मिनिटं

शटरचे कमी वेग एका छोट्या गिअरमाळेने मोजले जातात. एका सेकंदावर जी घरघर ऐकू येते ती तिची. पडून राहिलं की तिच्यावरचं तेल घट्ट होतं, आणि म्हणून सगळ्यात आधी १ सेकंद, १/२, १/४ हे वेग रेंगाळतात. महिन्यातून एकदा, निदान तीन महिन्यांतून एकदा, प्रत्येक वेगावर तीन-चारदा शटर सोडा. सुरुवात १/६० किंवा १/१२५ पासून करा, मग वरचे वेग, आणि कमी वेग शेवटी. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहादा, ॲपर्चर रिंग दहादा. फोकल प्लेन कॅमेऱ्यात, म्हणजे ज्यात शटरचे पडदे फिल्मच्या लगेच पुढे धावतात त्यात, मागचं दार उघडून पडद्याच्या मागून बघत हे केलं तर दोन्ही पडदे नीट धावतात का तेही दिसतं.

वेग बदलण्याचे नियम कॅमेऱ्यागणिक वेगळे आहेत आणि इथे झालेली चूक महागात पडते. झोर्की ४मध्ये आधी कॉक करायचं, मगच वेग बदलायचा. जुन्या कॉम्पूर-रॅपिडमध्ये आणि याशिका मॅटमध्ये नेमकं उलट: १/५००वर जायचं असेल तर कॉक करण्याआधी जायचं, कारण त्या वेगाला एक जादा स्प्रिंग गुंतते. फोक्टलेंडर व्हिटो बीसारख्या कॅमेऱ्यात शटर कॉक होतं ते फिल्मने फिरवलेल्या दातेरी चाकामुळे. आत फिल्म नसली की खटका ओढूनही काही घडत नाही, आणि लोक चालू कॅमेरा मेला म्हणून भंगारात काढतात. दार उघडून ते दातेरी चाक अंगठ्याने फिरवा, शटर कॉक होईल.

वेग खरे आहेत का हे मोबाइलच्या स्लो मोशनने बऱ्यापैकी कळतं. सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण लावा, लेन्स उजेडाकडे करून मागून फिल्मच्या चौकटीतला मधला एक बिंदू धरा आणि उजेड किती फ्रेम दिसतो ते मोजा. १ सेकंदाला २४०, १/८ ला ३०, १/३० ला ८ फ्रेम. तृतीयांश स्टॉपपर्यंतचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक सोडून द्यावा, म्हणजे १/८ ला २४ ते ३८ फ्रेम आल्या तरी बरं आहे. १/१२५ च्या वर फ्रेम दोनच्या आत येतात, तिथे या पद्धतीचा भरवसा धरू नका.

कापडी पडद्याचे कॅमेरे असतील, लायका एम३ किंवा झोर्की, तर दर वेळी अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून पुढून मोबाइलचा टॉर्च धरा आणि मागून पडद्याकडे बघा. रबर लावलेल्या कापडाला भेगा गेल्या की सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. या कॅमेऱ्यांना पुढे आरसा नाही. टोपीशिवाय उन्हाकडे तोंड करून टेबलावर राहिले तर लेन्स भिंगासारखी काम करते आणि पडद्याला भोक पाडते. टोपीची सवय त्यासाठी.

कशाही परिस्थितीत शटरमध्ये तेल सोडू नका. गंज सोडवायचे स्प्रे नकोत, शिवणयंत्राचं तेलही नको. लेन्समधल्या शटरची पाती पूर्ण कोरडीच चालायला हवीत. तेलाचा एक थेंब त्यांना एकमेकांना चिकटवायला पुरतो. लायटरच्या पेट्रोलने धुऊन काढायचे प्रयोगही सगळं उघडल्याशिवाय करू नयेत, कारण मळ विरघळून दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतो आणि दोन दिवसांनी शटर परत अडकतं.

टॉर्चने काय शोधायचं

लेन्स काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका टॉर्च मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे धागे म्हणजे बुरशी. सगळीकडे सारखा दुधाळ पडदा म्हणजे तेलाची वाफ बसलेली, ती सर्व्हिसिंगमध्ये सहसा पूर्ण निघते. कडेला इंद्रधनुष्यासारखे वलय म्हणजे दोन काचांमधलं सिमेंट सुटलंय. काचेच्या काठावर काळ्या रंगात पांढरे बारीक ठिपके म्हणजे आतला रंग उडालाय, त्याने फोटोला काही होत नाही.

बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर घरी काढता येते. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समभाग घ्या. औषधाच्या दुकानात पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की ३ टक्के होतं. मिश्रण त्या वेळेपुरतंच करायचं, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, खिडकी उघडी ठेवायची, आणि जवळपास ब्लीच असता कामा नये. लेन्सच्या कागदाला लावून मिनिटभर हलक्या हाताने पुसा, मग डिस्टिल्ड वॉटरने, मग कोरड्या कागदाने. बुरशी गेल्यावरही तिचा अस्पष्ट ठसा उरला तर कोटिंग खाल्लं गेलंय. ते पॉलिश करायला जाऊ नका. आतल्या काचेवरची बुरशी मात्र दुरुस्ती करणाऱ्यासाठी सोडा.

लेन्स उन्हात ठेवण्याचा सल्ला खूप दिला जातो. काचेतून अतिनील किरण फारसे आत जात नाहीत, धागे तर जागेवरच राहतात, आणि उन्हात तापलेल्या लेन्समधलं सिमेंट व ग्रीस दोन्ही धोक्यात येतात. लेन्सने एकवटलेलं ऊन खालच्या कापडाला आगही लावू शकतं. कोरडा डबा यापेक्षा जास्त काम करतो, कारण आर्द्रता खाली आली की बुरशीची वाढ थांबते.

फोम

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांत दाराच्या खाचेत आणि आरशाच्या वर पॉलीयुरेथेन फोम असतो. दमट हवेत त्याचं रासायनिक विघटन होतं आणि दहा-वीस वर्षांत तो काळा चिकट पाक होतो. दाराशी तो उजेड आत सोडतो. आरशापाशी तो जास्त त्रास देतो: आरसा वर जाऊन चिकटतो, नाहीतर फोमचे कण फोकसिंग स्क्रीनवर आणि शटरवर पडतात. ओएम-१मध्ये प्रिझमभोवतीचा फोम प्रिझमवरची चांदी खातो, आणि मग व्ह्यूफाइंडरमध्ये काळे डाग कायमचे दिसतात. म्हणून हा कॅमेरा वर्षानुवर्षं न उघडता ठेवू नये.

जुना फोम काढायला बांबूची काडी तिरकी कापून घ्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. ॲसिटोन नको, रंग आणि प्लास्टिक दोन्ही जातं. दाराच्या खाचा साफ करताना शटरवर पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद चौकटीच्या मापाने कापून ठेवा, चिकटपट्टी लावू नका. आरशाच्या वरचा फोम काढताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवा म्हणजे कण आत न पडता खाली पडतील. अल्कोहोल प्लास्टिकच्या फोकसिंग स्क्रीनला लागता कामा नये, ती लगेच धुरकट होते. दाराच्या लांब खाचांमध्ये १.५ मिलिमीटर जाडीचा फोम किंवा सरळ काळी लोकर बसते. लोकरीचं काम खरंच उत्तम होतं आणि ती कधी वितळत नाही. बिजागरीच्या बाजूला आणि आरशाला मात्र फोमच लागतो, आरशाला २ ते ३ मिलिमीटरचा.

बाहेर काढताना

पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर नेऊ नका. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर असतो. २४ अंशांच्या खोलीतला कॅमेरा बाहेर आला की काचेवर, आणि जास्त वाईट म्हणजे शटरवर आणि प्रिझमवर, पाणी धरणारच. खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करा, पिशवीसकट बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरू द्या.

खंडेनवमी-दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा अनेक घरांत होते आणि व्हायलाच हवी. हळद-कुंकू आणि अक्षता डब्याच्या झाकणावर वाहा, बॉडीवर नको. कुंकवाची भुकटी वेगाच्या चकतीखाली गेली की परत निघत नाही. पाऊस ओसरलेला असतो, हवा सुकायला लागलेली असते, त्यामुळे सहामाही तपासणीसाठी हाच दिवस धरून ठेवणं सोयीचं.

मोठ्या खंडानंतर पहिला चांगला रोल घालण्यापूर्वी शटर तीस-चाळीस वेळा सोडा. वरच्या वेगांवर दोन पडद्यांतली फट सारखी राहिली नाही तर फोटोचा एक भाग काळवंडतो, आणि ही चूक पहिल्या काही वेळा जास्त होते. मग एखादा वाया गेलेला रोल घाला, दार उघडंच ठेवून बी सेटिंगवर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारं) शटर धरा आणि चौकटीच्या कडा फिल्मवर पेनाने आखा. एका चौकटीच्या कडेपासून पुढच्या चौकटीच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर आठ छिद्रं, म्हणजे ३८ मिलिमीटर भरलं पाहिजे. चौकटी एकमेकींवर चढत असतील तर बिघाड फिल्म ओढण्याच्या यंत्रणेत आहे आणि शटर कितीही चांगलं चाललं तरी रोल वाया जाईल.

सर्व्हिसिंग वर्षं मोजून करू नका, लक्षणं बघून करा. तीन-चार महिने दर महिन्याला चालवूनही एक सेकंदाच्या वेगाला दीड सेकंद लागत असेल, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल, आरसा सावकाश खाली येत असेल, तर कॅमेरा उघडायची वेळ झाली. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात अजून हे काम करणारे हात आहेत. देताना प्रत्येक वेगाचे मोजलेले आकडे कागदावर लिहून द्या, आणि परत घेताना तिथेच १ सेकंदापासून सगळे वेग ऐकून घ्या.